अकराव्याची पंचवीस

चूक झाली तेव्हा गेनिचीच्या तोंडात काकीफळ होतं. त्याला सोडवायचं म्हणून हे सांगत नाही. पण तोंड मोकळं असतं तर तो कदाचित जरा थांबून बोलला असता, आणि थांबला असता तर त्याला आठवलं असतं की सरकारचा अकरावा महिना वेगळा आणि कुमेआजीचा वेगळा.

तो आजीच्या ओसरीवर बसला होता. वर वळचणीला सोललेली काकीफळं दोऱ्यांनी टांगून वाळत ठेवली होती. ती अजून पुरती सुकली नव्हती, पांढरी भुकटीही धरली नव्हती. त्यातली दोन त्यानं न विचारता तोडली. पहिलं संपलं, दुसरं तोंडात होतं, तेवढ्यात आजीनं विचारलं, "अकराव्याची पंचवीस चालेल का रे?"

"पंचवीस काय, तीसच्या आत कधीही," गेनिची म्हणाला. फळ तुरट निघालं म्हणून त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. समोरच्यांना वाटलं, तो हसला.

"ती नव्या वर्षासाठी आहेत," आजी म्हणाली. "दोन कमी झाली. लिहून ठेव तुझ्या वहीत."

कुरोदानी गावात तेव्हा सगळंच दोन-दोन झालं होतं. सम्राटाचं नवं राज्य येऊन आठ वर्षं झाली होती. डोकी दोन तऱ्हेची होती, शेंडीची आणि कातरलेली. नावं दोन झाली होती. एक हाक मारायचं, आणि एक त्याच वर्षी सरकारनं सक्तीनं घ्यायला लावलेलं आडनाव. आणि महिने दोन. तीन वर्षांपूर्वी बारावा महिना जेमतेम दोन दिवसांचा झाला असताना सरकारनं तो मोडीत काढला आणि तिसऱ्या दिवशी नवं वर्ष लागल्याचं जाहीर केलं. गावानं ते ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि चंद्र बघून भात लावणं चालू ठेवलं. नवी तारीख कचेरीच्या भिंतीवर राहायची. बाकी गाव महिनाभर मागं राहायचं, आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

गेनिची कचेरीचा कारकून. वय बावीस. किल्ल्याच्या गावी दोन वर्षं शाळा शिकून आलेला, त्यामुळे शिकलेला म्हणायचं. तो कचेरीत शिरला की नव्या महिन्यात जायचा आणि घरी आला की जुन्यात. पायातली वहाण बदलावी तसं त्याला हे सवयीचं झालं होतं, आणि आपल्याला दोन्ही जमतं याचा त्याला गर्वही होता. त्या दिवशी ओसरीवर तो घरच्या वहाणेत होता. खिशातला हुकूम मात्र कचेरीचा होता.

हुकूम असा: वीस वर्षांच्या प्रत्येक पोरानं तीन वर्षं फौजेत जायचं. थोरला मुलगा सुटला, एकुलता सुटला, घरचा कर्ता सुटला. दत्तक गेलेलाही सुटला, पण तो दत्तक घरी राहत असला पाहिजे. दत्तकाचे अर्ज अकराव्या महिन्याच्या तीस तारखेच्या आत. मग यादी जिल्ह्याला जाणार.

त्या हुकुमानं खोऱ्यातल्या निपुत्रिक म्हाताऱ्यांना एकदम भाव आला. ज्यांच्या दारात वर्षभर कुणी फिरकत नव्हतं, त्यांच्याकडे लोक साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, घडे घेऊन जाऊ लागले. कुमेआजीकडे शेजारचा बुहेई आला होता. त्याला तीन मुलगे. धाकटा तोमेकिची यंदा विसाचा झालेला.

"नुसता कागद करायचा, आजी," बुहेई म्हणाला होता. "पोरगा झोपेल तुझ्याकडं, जेवेल आमच्याकडं. चार वर्षांनी टाकू मोडून."

"नुसता कागद हवा असला तर गेनिचीकडं जा. त्याच्याकडं गठ्ठे आहेत," आजी म्हणाली. "माझ्याकडं घर आहे आणि चार थडगी आहेत. येणार असेल तर यायचं. इथंच जेवायचं, थडग्यांना पाणी घालायचं, माझं नाव लावायचं. मोडायचं असलं तर आणूच नकोस."

बुहेईनं डोकं खाजवलं. मुलगा वाचतोय हे खरं, पण कायमचा जातोय हेही खरं. शेवटी तो म्हणाला, "बरं. मग उद्याच करू."

"उद्या नाही. वीसला यांचं सातव्या वर्षाचं श्राद्ध आहे. ते झाल्याशिवाय या घरात नवा माणूस येणार नाही. त्यानंतरचा चांगला दिवस म्हणजे पंचवीस. पंचांगात बघितलंय मी." आणि मग तिनं कारकुनाकडे वळून विचारलं होतं, आणि कारकुनाच्या तोंडात फळ होतं.

कुमे या घरात सून म्हणून आली ती सोळाव्या वर्षी. बाप वरच्या डोंगरात कोळसा पाडायचा. इथं आल्यावर ती लव्हाळ्याच्या चटया विणायला शिकली. लव्हाळा चिखलात बुडवायचा, उन्हात वाळवायचा, मग मागावर बसायचं. चाळीस वर्षांत तिच्या हातांना चिखलाचा जो वास लागला तो कुठल्याच पाण्यानं गेला नाही. दोन मुलगे झाले. धाकटा गोवरानं गेला. थोरल्याला नऊ वर्षांपूर्वी सरदाराच्या लढाईत ओझी वाहायला नेलं. लढाई कशासाठी होती हे ओझी वाहणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सरदार हरून परत आला. मुलगा आला नाही. तीन वर्षांनी नवराही गेला.

पुढं सरदारांचीच राज्यं गेली आणि त्यांना राजधानीला बोलावणं आलं. तेव्हा आमच्या मालकाला नेऊ नका म्हणून खोऱ्यातली माणसं त्याच्या पालखीपुढं रस्त्यावर आडवी पडली. आजी तिकडे गेली नाही. ती मागावरून उठलीसुद्धा नाही. "माझ्या पोराला नेलं तेव्हा कुणी आडवं पडलं नव्हतं," एवढंच म्हणाली.

आडनाव घ्यायची वेळ आली तेव्हा गेनिचीनंच तिला आडनाव दिलं होतं. घर ओहोळाच्या काठाला, म्हणून मिझोबाता. म्हणजे ओहोळकाठचे.

"चार पिढ्या बिननावाच्या काढल्या," आजी म्हणाली होती, "आणि आता दिलंस ते गटाराचं."

"ओहोळ आहे आजी, गटार नाही."

"तुला पावसाळ्यात बोलावते. मग ठरव."

चेष्टा करायची पण आडनाव तिनं लावलं. आता ते कुणाला तरी द्यायचं होतं, नाहीतर ते तिच्याबरोबर थडग्यात जाणार होतं. ते द्यायला तिला माणूस मिळाला होता, मोठ्या हाडापेराचा, हळू बोलणारा, विनोद झाला की सगळे हसून झाल्यावर हसणारा. तिला तो आवडला होता. तसं ती म्हणाली नाही. तिनं त्याच्या अंगाच्या मापाची नवी चटई विणायला घेतली.

ओसरीवरच्या त्या दिवसानंतर गेनिची दोरी आणि खुंट्या घेऊन जमिनीच्या मोजणीवर वरच्या डोंगरात गेला. नव्या करासाठी एकेक वाफा मोजायचा होता. जाताना पोरांची यादी त्यानं गावच्या कारभाऱ्याकडे ठेवली आणि सांगितलं, "दत्तकाचे अर्ज येतील तसे जोडा आणि वेळेवर पाठवा." कारभारी ओनिशी वेळेचा पक्का माणूस. वरच्या आळीतल्या दोन घरांचे अर्ज आले, ते त्यानं जोडले. सरकारी अकराव्याच्या तीसला, बरोबर दुपारी, यादी रवाना केली. त्या दिवशी आजीच्या पंचांगात अकराव्याची तीन होती, आणि ती नवऱ्याच्या श्राद्धासाठी तांदूळ निवडत होती.

पंचवीसला ऊन चांगलं पडलं होतं. दार झाडलेलं, तांबड्या दाण्यांचा भात शिजलेला, नवी चटई आतल्या खोलीत अंथरलेली. तोमेकिची धुतलेले कपडे घालून बुहेईच्या मागं उभा. गेनिची सकाळीच डोंगरातून उतरला होता, अर्जाचा कागद बरोबर घेऊन, आणि भाताच्या वासानं खूश होता. कारभारी सर्वांत शेवटी आला. पाहुण्याच्या जागी बसला, साके घेतली, तोमेकिचीला न्याहाळलं.

"बरं केलंत," तो म्हणाला. "आधीच ठरवून ठेवलेलं बरं. परत आल्यावर पोराला घर असलं म्हणजे झालं."

"कुठून परत?" आजीनं विचारलं.

"छावणीतून."

"तो कशाला जाईल छावणीत? आज दत्तक झाला की सुटला."

कारभाऱ्यानं पेला खाली ठेवला. गेनिचीकडे बघितलं. "यादी जाऊन तीन आठवडे झाले की. तीस तारखेला."

"आज पंचवीस आहे," बुहेई म्हणाला.

"आज बाराव्याची बावीस आहे," कारभारी म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याबरोबर सगळ्यांच्याच आलं. तोमेकिची सोडून. तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता, विनोद झाला असावा आणि आपल्याला अजून कळला नसावा, अशा चेहऱ्यानं.

बुहेई गेनिचीकडे बघत होता. "तू म्हणालास, तीसच्या आत."

आजीनं पुढं होऊन गेनिचीच्या वाडग्यात भात वाढला. "जेव," ती म्हणाली. "मग उद्या तू आणि मी जिल्ह्याला जाऊ."

जिल्ह्याचं ठिकाण सात कोसांवर. घाटात बर्फ पडलं होतं. आजीनं पायाला गवताच्या वहाणा आणि वर चिंध्या बांधल्या होत्या आणि ती गेनिचीच्या पुढं चालत होती. वाटेत ती एकदाच बोलली. "बोलायचं तुलाच आहे. मला नव्या भाषेतलं काही येत नाही."

कचेरीतला अधिकारी तरुण होता. कातरलेले केस, काळा विलायती कोट, बोली दूरच्या प्रांताची. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर गेनिचीला पुढं आयुष्यभर ते सोयीचं झालं असतं.

"आज तारीख काय, बाई?" त्यानं विचारलं.

"अकराव्याची सव्वीस."

त्यानं भिंतीवरच्या छापील तक्त्याकडे बोट केलं. "ती तारीख आता या देशात नाही."

"चंद्राला कळवलंत का?"

अधिकारी हसला. खरंच हसला. मग त्यानं शेगडीवर हात धरले आणि थोडा विचार केला. "यादीवर अजून वरची मोहोर व्हायची आहे. अर्ज वेळेत गावच्या कचेरीत आला असेल, आणि कारकुनाच्या हातून जोडायचा राहून गेला असेल, तर मला पुरवणी लावता येते. कारकुनाला मग घरी बसावं लागेल, हे उघड आहे." तो गेनिचीकडे वळला. "तसं झालं का?"

आजी आपल्या पायांकडे बघत होती. चिंध्यांमधलं बर्फ वितळून जमिनीवर पाणी साचलं होतं. तिनं वर बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं गेनिचीला पुढं पुष्कळदा वाटलं. नुसत्या नजरेनं विचारण्याचीसुद्धा सक्ती तिनं त्याच्यावर केली नाही.

एक शब्द पुरला असता. "हो." गेनिचीच्या डोक्यात त्या वेळी आई आली, आईनं त्याच्या शाळेसाठी विकलेलं शेत आलं, आणि खरं सांगायचं तर कचेरीतली आपली बसायची गादीसुद्धा आली. तो स्वतः थोरला मुलगा. त्याला फौज नव्हती, पूर्वीही नव्हती आणि पुढंही येणार नव्हती.

"नाही साहेब," तो म्हणाला. "अर्ज नंतर आला."

शब्दन् शब्द खरा होता. तारीख मीच चुकीची सांगितली, एवढं तरी तो म्हणू शकला असता. पण ते त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि शाळेत त्याला विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायला शिकवलं होतं. अधिकाऱ्यानं मान हलवली, खरं बोलणाऱ्या माणसाकडे बघून हलवतात तशी, आणि कागद परत दिला.

परतताना तीन कोसांवर घाट लागला तेव्हा आजी थांबली, वहाणेची गाठ घट्ट केली.

"खोटं नाही बोललास," ती म्हणाली.

"नाही."

"माझ्या ओसरीवर बोलला होतास. तेव्हा जमलं होतं."

"आजी, ते खोटं नव्हतं. चूक होती."

"हो ना. चूक माझ्या वाट्याची, खरं तुझ्या वाट्याचं." ती पुन्हा चालू लागली. चार पावलांवर जाऊन म्हणाली, "मीही श्राद्धासाठी अडून बसले नसते तर झालं असतं. मेलेल्याची तारीख सांभाळली आणि जित्याची घालवली." हे ती त्याच्याशी बोलत नव्हती. तरी त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली ती घर येईपर्यंत पुरली.

बुहेईनं पोराला परत न्यायची तयारी केली. कागद नाही, सुटका नाही, मग कशाला? आजी दारात उभी राहिली. "कागद झाला नाही. भात झालाय. त्यानं खाल्लाय." तोमेकिची बापाकडे बघत राहिला, आजीकडे बघत राहिला, आणि मग आत जाऊन नव्या चटईवर बसला. त्याच्या आयुष्यात त्यानं स्वतः ठरवलेली ही एवढीच गोष्ट असावी.

तो हिवाळाभर तिथं राहिला. छप्पर शाकारलं, ओहोळाचा बांध बांधला, थडग्यांवरचं बर्फ काढलं. मागाची एक काठी मोडली आणि दोन नव्या करून दिल्या. आजी त्याला दिवसभर बोलायची. "अरे हळू, तो माग आहे, म्हैस नाही." तो हसायचा, थोड्या वेळानं. तिला आई म्हणायला तो लाजायचा. आजी म्हणणं आता बरोबर नव्हतं. म्हणून सगळा हिवाळा त्यानं तिला "ऐकलं का" म्हणून काढला. शेजाऱ्यांनी यावरून थट्टा केली की नवरा-बायको आहात की काय. आजी म्हणाली, "या घरातला तोच एक माणूस मला ऐकलं का विचारतो. बाकी सगळे तारखा सांगतात."

वसंतात तपासणी झाली. शेवटची सुटका चिठ्ठीत होती. अंगानं धडधाकट असले तरी सगळे लागत नसत, चिठ्ठ्या काढत. तोमेकिचीनं चिठ्ठी काढली, ती सरकारच्या बाजूची निघाली. वरच्या आळीतले दोघे वेळेत दत्तक गेलेले, ते त्या दिवशी शेतात होते.

फौजेत शेंडी चालत नव्हती. आजी म्हणाली, "तिथला न्हावी कापणार असेल तर मीच कापते." ओसरीवर बसवून लव्हाळा कापायच्या सुरीनं तिनं त्याची शेंडी कापली, कागदात गुंडाळली, कागद कमरेला खोवला. तोमेकिचीनं मोकळ्या टाळूवरून हात फिरवला. "गार लागतं," तो म्हणाला. त्याचं एवढंच निरोपाचं बोलणं झालं. गेनिची नोंदीचा कागद घेऊन वाटेवर उभा होता. तोमेकिचीनं जाताना त्याला वाकून नमस्कार केला. त्याच्या मनात काही नव्हतं. गेनिचीला वाटलं, असतं तर बरं.

हिरोशिमाच्या छावणीतून दोन पत्रं आली. तोमेकिचीला लिहिता येत नव्हतं, कुणीतरी लिहून दिलेली. पत्ता बापाचा, कारण कागदावर बाप तोच. गेनिची ती बुहेईच्या घरी वाचायचा, आणि आजी दारात उभी राहून ऐकायची. इथं दर सात दिवसांनी सुट्टी असते. मांस खायला देतात, पहिल्यांदा ओकलो, आता खातो. बुटांनी पाय सोलतात. दुसऱ्या पत्राच्या तळाला होतं: ओहोळाकाठच्या आईला सांगा, चटई गुंडाळून वर टांग, खाली उंदीर खातील.

"काय म्हणाला?" आजीनं विचारलं. "परत वाच."

गेनिचीनं परत वाचलं. "ओहोळाकाठच्या आईला."

"उंदरांचं कळलं मला," ती म्हणाली. "पुढचं वाचू नकोस." पुढं काही नव्हतंच.

दुसऱ्या वर्षी दक्षिणेत बंड झालं. ज्या सामुराईंनी नवं राज्य आणलं होतं त्यांतलेच कितीएक आता त्या राज्यावर उठले, कारण राज्यानं त्यांच्या तलवारी काढून घेतल्या होत्या. त्यांना आवरायला शेतकऱ्यांची पोरं पाठवली. ज्यांच्यापुढं या पोरांचे बाप रस्त्यात गुडघे टेकायचे, त्यांच्यावर पोरांनी बंदुका रोखल्या. पुष्कळांना हे मोठं वाटलं. शाळेत पुढं ते शिकवतीलही. तोमेकिचीला ते कसं वाटलं हे कळायला मार्ग नाही. हिगो प्रांतातल्या एका पावसाळी चढावर, तिसऱ्या महिन्याच्या अकरा तारखेला, तो मेला.

सूचना बुहेईच्या नावानं आली. सरकारनं दिलं तेही बुहेईला मिळालं. त्यातून त्यानं बैल घेतला. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिसरा मुलगा गेला की शेतात दोन हात कमी होतात, आणि बैलाला चार पाय असतात. अस्थींची डबी त्याच्याकडेच आली आणि त्याच्या घराच्या थडग्यात गेली. पुजारी म्हणाला, नोंदवहीत मुलगा ज्यांचा, थडगंही त्यांचंच. नोंदवही गेनिचीच्या हातातली होती.

आजी गावच्या कचेरीत पहिल्यांदा आली ती त्यानंतर. दारातच बसली, आत आली नाही.

"अकरा म्हणतात ती आपल्यातली कुठली? मला दिवस पाळायचाय."

गेनिचीनं जुनं पंचांग काढलं, नवा तक्ता घेतला, कागदावर आकडेमोड केली. मग दुसऱ्या कागदावर पुन्हा केली. "पहिल्याची सत्तावीस."

"नीट मोजलीस?"

"दोनदा."

"आता येतंय तुला," ती म्हणाली.

शेंडी तिनं पुरली, नवऱ्याच्या आणि मुलांच्या शेजारी. ती जागा तिचीच होती, तिथं पुजाऱ्याला विचारायचं कारण नव्हतं. एक फळी रंधून घेतली आणि गेनिचीला बोलावलं. "लिही."

फळीवर काय लिहायचं हे तिनं सांगितलं नाही. गेनिची शाई घोटत बराच वेळ बसला. मग त्यानं लिहिलं: मिझोबाता तोमेकिची. त्याच्या नोंदवहीत असं कुणी माणूस नव्हता. पण ती फळी कुठल्या कचेरीत जाणार नव्हती, तिच्यावर मोहोर लागणार नव्हती, आणि तिच्यापायी कुणाला घरी बसावं लागणार नव्हतं.

आजीला वाचता येत नव्हतं. "पूर्ण लिहिलंस?"

"पूर्ण."

"माझं नाव लावून?"

"तुझं नाव लावून."

तिनं फळीवरच्या ओल्या अक्षरांकडे बघितलं. "इथं धीट आहेस," ती म्हणाली, आणि फळी उचलून घेऊन गेली.

तोमेकिचीची चटई अजून आतल्या खोलीत वर टांगलेली आहे. दत्तक म्हणून पुन्हा दोघाचौघांनी विचारलं. सुटकेची घाई तशीच आहे, नियम मात्र कडक होत चाललेत. आजी सांगते, या घरात एक मुलगा आहे. कचेरीत तिच्या घराच्या पानावर एकच नाव आहे, आणि ते गेलं की त्या पानावर रेघ मारायची आहे. रेघ गेनिचीलाच मारायची आहे.

राहिली काकीफळं. तोमेकिची मेला त्या वर्षी गेनिची स्वतःच्या झाडाची, चांगली सुकलेली, भुकटी धरलेली दोन घेऊन गेला होता. आजीनं हातात घेऊन दाबून बघितली. "ही गोड आहेत. तू खाल्लीस ती तुरट होती. दहाव्याच्या बाराला तोडली होतीस, अर्धी कच्ची. घेतलंस ते दे."

पुढची दोन वर्षं त्या दिवशी कचेरीचं काम निघालं. निघालं म्हणजे असायचंच. यंदा, नव्या राज्याच्या तेराव्या वर्षी, आजीच्या दहाव्याची बारा रविवारी आली. कचेरी बंद. न जायला कारण उरलं नाही. त्यानं आपल्या वळचणीची दोन तोडली, अर्धी कच्ची, तुरट, आणि गेला. आजी ओसरीवर फळं सोलत होती. आता तिचे हात हळू चालतात, साल मध्येच तुटते.

त्यानं दोन्ही फळं तिच्यापुढं ठेवली. तिनं बघितलं.

"कुठल्या झाडाची?"

"आमच्या."

"तू खाल्लीस ती या झाडाची."

"मग काय आजी, तुझ्याच झाडाची तोडून तुलाच देऊ?"

"तेच तर," ती म्हणाली. "बघ कसं जमतं ते."

ती सोलत राहिली. गेनिची थोडा वेळ बसला, मग उठला. ओहोळावरच्या फळीवरून जाताना त्यानं मागं वळून बघितलं. सोललेली फळं तिनं दोऱ्यात ओवून वळचणीला चढवायला घेतली होती. त्यानं आणलेली दोन ओसरीच्या कडेला होती, त्यानं ठेवली होती तिथंच.